सहा स्लाइड आणि दोन एकर डाळिंब

आज पण घरी यायला साडेसात झाले. शनिवारी कॉलेजचं इंटर्नल हॅकेथॉन आहे, स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला (विद्यार्थ्यांनी टीम करून खऱ्या अडचणींवर तांत्रिक उपाय मांडायची देशपातळीवरची सरकारी स्पर्धा) नाव पाठवायचं तर आधी ही चाळणी, त्यामुळे पाचनंतर लॅबमध्ये प्रेझेंटेशनच्या तालमीची नुसती जत्रा. सहा जणांची टीम, त्यात किमान एक मुलगी हवीच असा नियम आहे, आणि आज पाचातल्या चार टीमनी त्या मुलीला फक्त "गुड इव्हनिंग, आमच्या टीमचं नाव अमुक" एवढंच बोलायला ठेवलेलं. त्यावरून मी जे ओरडले ते वेगळंच.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला डाळिंबवाल्या टीमने. लीडर सांगोल्याचा, घरी दोन एकर डाळिंब. आयडिया अशी की पानाचा फोटो काढायचा, ॲप सांगणार तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा डागांचा रोग, आहे का नाही. सुरुवात काय तर "ॲग्रिकल्चर इज द बॅकबोन", मग सीएनएन (फोटो ओळखायला शिकणारं कॉम्प्युटर मॉडेल), मग अॅक्युरसी 98 टक्के. मी म्हटलं मॉडेल दाखव. "अजून बनवायचंय मॅडम." मग 98 कुठून आले रे? "एका पेपरात होते." आता काय बोलणार!

लॅपटॉप बंद करायला लावला आणि विचारलं, तुमच्याकडे तेल्या आला तेव्हा काय झालं ते सांग. पोरगा एकदम सुटलाच. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, धरलेला, पाऊस लागून राहिला, आधी पानांवर बारके तेलकट डाग, मग फळांवर, मग फळ उकलतं आणि व्यापारी हात पण लावत नाही, छाटणीची कात्री तशीच या झाडावरून त्या झाडावर फिरवली तरी पसरतो, म्हणून आता बाबा पावसाळा सरतानाचा हस्त बहार धरतात. टीममधले बाकीचे पाच जण हे पहिल्यांदाच ऐकत होते, महिनाभर एकत्र काम करून!

आणि ती "गुड इव्हनिंग"वाली म्हणाली, अरे पण डाग काकांना दिसतातच की, मग ॲप कशाला?

सगळे गप्प. मी पण. मग तो हळूच म्हणाला की सुरुवातीला बुरशीचा डाग आणि तेल्याचा डाग ओळखायला चुकतं, तेल्या जिवाणूचा, बाबांनी बुरशी समजून दोन फवारण्या वाया घालवल्या. झालं की! हीच तर आयडिया, आणि सहा स्लाइडमध्ये ही कुठेच नव्हती.

इथे मी माती खाल्ली. उत्साहात ते सगळं माझ्या शब्दांत फळ्यावर लिहिलं आणि तीनदा म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा तो अगदी माझ्यासारखा बोलायला लागला, "म्हणजे बघा" सकट, आणि मध्ये एक प्रश्न टाकला तर उत्तरासाठी माझ्याच तोंडाकडे बघतोय. फळा पुसला. मग अडखळला भरपूर, पण स्वतःचं बोलला. दरवर्षी मी हेच करते आणि दरवर्षी उशिरा कळतं.

98 टक्के काढून तिथे "आतापर्यंत 140 फोटो, सगळे एकाच बागेतले" असं लिहायला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला, एवढंसं बघून जज हसतील म्हणे. हसू देत, अजून कुठे काय बनवलंय तुम्ही. त्यापेक्षा इथेच केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, 2005 पासून आहे, तिथे जाऊन ते फोटो नक्की तेल्याचेच आहेत का एवढं तरी विचारून या म्हटलं. सोलापुरात राहून एकही जण गेलेला नाही.

पहिली स्लाइड आता ती मुलगी बोलणार. तिने डाळिंबाची बाग कधी बघितलेलीच नाही, म्हणून उद्या सगळे सांगोल्याला चाललेत, सहा जण तीन गाड्यांवर. मी म्हटलं गपचूप यष्टीने जा.