जेलवरची तिसरी पट्टी

सलग तिसऱ्या बॅचला तोच कमी आकडा आला, तेव्हा मी डीएनए मोजणारं क्यूपीसीआरचं मशीनच बिघडलंय असं ठरवून टाकलं. स्वतःवर संशय घ्यायला माणूस फार वेळ लावतो.

फिलाडेल्फियात पोस्टडॉकला येऊन मला दीड वर्ष झालं होतं. काम एएव्हीचं, म्हणजे ॲडेनो-असोसिएटेड व्हायरसचं. 1965 मध्ये ॲडेनोव्हायरसच्या नमुन्यांत भेसळ म्हणून सापडलेला हा उपरा. त्याला एकट्याला धड वाढताही येत नाही. त्याचे जीन काढायचे, जागी आपला भरायचा, की तो पेशींत पोचवतो. जागा मात्र जेमतेम 4.7 हजार बेसची, म्हणजे डीएनएच्या अक्षरांची, वन-रूम-किचन म्हणा. आमचा जीन फॅक्टर नाइन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, हिमोफिलिया बी या रक्त न गोठण्याच्या आजारासाठी. तो लहान, म्हणून आरामात मावतो. फॅक्टर एटवाल्यांचा जीन मोठा, त्यांचे हाल विचारू नका.

"ते सोळा कोटींचं इंजेक्शन तूच करतेस का गं?" आई फोनवर विचारते. ते स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीवरचं, तेही एएव्हीच, नऊ नंबरच्या प्रकारचं. पण माझं उंदरांच्या पुढे गेलेलं नाही, हे तिला पटत नाही.

तर, 293 नावाच्या मानवी पेशींत तीन प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएच्या गोल कड्या, घालायचे, तीन दिवस थांबायचं, पेशी फोडायच्या. फोडलेल्या रसात विषाणूची कवचं मोजली तर भरपूर. जीनोम मोजला तर नेहमीच्या दहावा हिस्सा. डबे तयार, आत भाजी नाही. मी सीरम बदललं, पेशी नव्या काढल्या, पेशींत डीएनए घालायचं, ट्रान्सफेक्शनचं रसायन नवं मागवलं. आणि गुरुवारी उंदरांना टोचायची वेळ ठरलेली.

शेजारच्या बाकावरचा सहकारी म्हणाला, "आटव आणि जास्त दे, काय होतंय?"

ग्रेडियंटवर, म्हणजे घनतेनुसार थर वेगळे करणाऱ्या द्रावणात, रिकामी कवचं बरीचशी वेगळी होतात, पण सगळी नाही. जीनोमचा आकडा गाठायला दहापट माल घातला की तीही त्या प्रमाणात आत जातात, आणि शरीराला कवच भरलेलं की रिकामं याच्याशी देणंघेणं नसतं, ते दोन्हींवर तुटून पडतं. उंदीर कदाचित सोसेलही. पण याच शहरात सप्टेंबर 1999 मध्ये जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा जीन थेरपीच्या चाचणीत विषाणू टोचल्यावर चौथ्या दिवशी गेला. तो विषाणू वेगळा, ॲडेनोव्हायरस, आजारही वेगळा. तरी इथे डोस वाढवायची भाषा कोणी सहज केली की माझ्या पोटात गोळा येतो. मी नाही म्हटलं.

आमच्या लॅबची जुनी टेक्निशियन डबा खाता खाता म्हणाली, "एसएमए-वन लावून बघितलंस?"

नव्हतं बघितलं. जीनच्या दोन्ही टोकांना आयटीआर असतात, 145 बेसचे, स्वतःवरच दुमडून केसाच्या पिनेसारखे होणारे. तीच टोकं बघून विषाणू डीएनए आत ओढून घेतो. प्लाझ्मिड आम्ही बॅक्टेरियात वाढवतो, आणि बॅक्टेरियाला ही वळणं मुळीच आवडत नाहीत, संधी मिळाली की तो त्यांतला तुकडा उडवतो. डीएनएची अक्षरं वाचणारं सिक्वेन्सिंगही तिथेच अडखळतं. माझा रिपोर्ट तिथे तुटला होता, आणि "तो तर नेहमीच तुटतो" म्हणून मी फाइल बंद केली होती.

एसएमए-वन हे एन्झाइम आयटीआरच्या आत कापतं. दोन्ही टोकं शाबूत असतील तर आमच्या प्लाझ्मिडच्या दोन पट्ट्या दिसायला हव्यात. कापलेले तुकडे जेलवर आकारानुसार वेगळे होऊन पट्ट्या बनतात. संध्याकाळी ते जेल यूव्हीखाली धरलं. दोन होत्या, फिकट. वर तिसरी, अख्ख्या प्लाझ्मिडएवढी, सगळ्यात ठळक. एक टोक बहुतेक रेणूंतून गळालेलं होतं.

दोष कुठला, ते मला उभ्या उभ्या कळलं. मार्चमध्ये घाई होती म्हणून नवीन ट्रान्सफॉर्मेशन न करता, म्हणजे प्लाझ्मिड ताज्या बॅक्टेरियात न घालता, जुन्या ग्लिसरॉल स्टॉकमधून, गोठवून ठेवलेल्या बॅक्टेरियातून, खरवडून मी कल्चर लावलं होतं, तेही 37 अंशांवर रात्रभर. आयटीआरवाल्या प्लाझ्मिडला 30 अंश आणि सबुरी लागते, हे दर नव्या विद्यार्थ्याला मीच सांगते. बॉसला फोन करून तीन महिने वाया गेल्याचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "उंदरांची तारीख पुढे ढकल, आणि तो स्टॉक आजच्या आज फेक."

फेकला. 30 अंशांवर नव्या प्लेटा ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी खसखशीएवढ्या कॉलन्या आल्या होत्या. बारा उचलल्या, बाराही तपासल्या. नऊंमध्ये दोनच पट्ट्या होत्या.