कापसाचा चुकारा आणि पैसे काढण्याचे नियम : माझा अनुभव

२०२५ च्या जानेवारीत, कापसाची तिसरी वेचणी सुरू असताना, माझ्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, पहाटे अर्धांगवायूचा झटका आला. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात आहे. तेथून त्यांना आधी यवतमाळला आणि दुसऱ्या दिवशी सेवाग्रामच्या रुग्णालयात नेले. घरात पैसा नव्हता असे नाही. पंधरा दिवसांपूर्वीच कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, मामाजींच्या बँक खात्यात जमा झाला होता, शिवाय एका पतसंस्थेत त्यांच्या नावावर ९०,००० रुपये होते. तरीही पहिल्या तीन दिवसांत औषधे, तपासण्या आणि गाडीभाडे यांसाठी लागलेले २८,००० रुपये मला माझ्या बचत गटातून आणि नात्यातल्या एका घरून उसने घ्यावे लागले, कारण आमचेच पैसे आम्हाला काढता आले नाहीत.

बँकेचे खाते मामाजींच्या एकट्याच्या नावावर होते आणि त्यांचा उजवा हात गेलेला होता, त्यामुळे विड्रॉल स्लिपवर सही होणे शक्य नव्हते. एटीएम कार्ड त्यांनी कधी घेतलेच नव्हते. वारस म्हणून माझ्या यजमानांचे नाव खात्याला लावलेले आहे, एवढ्या भरवशावर ते शाखेत गेले. तेथे त्यांना सांगण्यात आले की नामनिर्देशन खातेदाराच्या मृत्यूनंतरच उपयोगाला येते, खातेदार हयात असताना त्या नावाला एक रुपयाही काढण्याचा अधिकार नसतो. हे बरोबरच आहे. पण आमच्या घरात, आणि माझ्या अंदाजाने गावातल्या बहुतेक घरांत, वारस लावला म्हणजे अडीअडचणीची सोय झाली असाच समज होता. पतसंस्थेत वेगळेच उत्तर मिळाले. ठेवी परत मागणाऱ्यांची गर्दी वाढल्यामुळे एका सभासदाला आठवड्याला ५,००० रुपयांपेक्षा जास्त देता येणार नाही, असे तेथे सांगितले गेले.

चौथ्या दिवशी मामाजी पूर्ण शुद्धीवर आले. त्यांना सगळे सांगितले तेव्हा त्यांनी अडखळत एवढेच म्हटले, "माहेच पैसे अन् मलेच भेटून नाही रायले." त्या दिवशी एका बँकमित्राने, म्हणजे शाखेबाहेर बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या प्रतिनिधीने, मार्ग दाखवला. आधार नोंदणीत दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, त्यामुळे डाव्या हाताच्या अंगठ्यावरही पैसे निघतात. त्याने यंत्र खाटेजवळ आणले, मामाजींनी अंगठा लावला आणि १०,००० रुपये मिळाले. या पद्धतीत एका व्यवहारात यापेक्षा जास्त रक्कम निघत नाही. पुढे मला असेही कळले की सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सूचना दिलेल्या आहेत : हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो आणि त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा अधिकारी असावा लागतो. ही सूचना आम्हाला त्या तीन दिवसांत माहीत असती, तर यजमान शाखेतून रिकाम्या हाताने परतले नसते.

मामाजी घरी आल्यावर, उन्हाळ्यात, मी ठरवले की पुढच्या हंगामाचा चुकारा येण्याआधी प्रत्येक ठिकाणचे पैसे काढण्याचे नियम स्वतः जाऊन विचारायचे. बचत गटाचे हिशेब मीच लिहिते, त्यामुळे वही हाताशी होती. एका पानावर मी उभे रकाने आखले. पैसे कोण काढू शकतो, एका दिवसात किती निघतात, मागितल्यावर किती वेळाने हातात पडतात, मुदतीआधी काढले तर काय कापले जाते, असे पहिले चार रकाने होते. व्याजाचा दर मी मुद्दाम शेवटच्या रकान्यात ठेवला. आपल्याकडे कोणीही ठेवीविषयी सांगू लागला की आधी दर सांगतो, आणि आम्हीही त्या ९०,००० रुपयांच्या बाबतीत तेच ऐकून फसलो होतो.

सुरुवात बँकेच्या साध्या बचत खात्यापासून केली. बचत खात्याचा दर ठरवण्याची मोकळीक बँकांना ऑक्टोबर २०११ पासून मिळालेली आहे, त्यामुळे तो सगळीकडे सारखा नसतो. स्टेट बँकेने १५ जून २०२५ पासून तो २.५० टक्क्यांवर आणला. व्याज मात्र रोजच्या शिल्लकेवर मोजले जाते, हा नियम १ एप्रिल २०१० पासून आहे. म्हणून सोमवारी आलेला आणि शुक्रवारी काढलेला पैसाही चार दिवसांचे व्याज घेऊनच जातो. एटीएमचे पाच व्यवहार स्वतःच्या बँकेत आणि, महानगरे वगळता, पाच दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला मोफत असतात. त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आकार लागू शकतो. गावाकडे खरी अडचण या आकाराची नसते. चुकारे जमा होतात त्या आठवड्यात तालुक्याचे एटीएम दुपारपर्यंत रिकामे होते आणि बाजाराच्या दिवशी शाखेत रांग लागते. म्हणून तिसऱ्या रकान्यात मी शाखेचे उत्तर न लिहिता, मला स्वतःला लागलेला वेळ लिहिला : जाणे, येणे, रांग मिळून अर्धा दिवस.

सासूबाईंचे खाते जनधनचे आहे. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणे मोफत असते. त्या लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये पाचशे-पाचशे करून तीनदा काढतात, म्हणजे त्यांना ते पुरते. आमच्या गटातल्या एका बाईला मात्र मुलाच्या प्रवेशासाठी १५,००० रुपये हवे होते आणि तिला १०,००० वरच थांबवले गेले. शोध घेतल्यावर कळले की ओळखीची पूर्ण कागदपत्रे न जोडता उघडलेले खाते हे छोटे खाते धरले जाते. त्यात शिल्लक ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही, वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाहीत. कागदपत्रे दिल्यावर ही बंधने गेली. गटातल्या सगळ्या बायांची पासबुके मी त्या आठवड्यात तपासून घेतली.

सर्वांत जास्त वेळ मला पोस्टाचे नियम समजून घ्यायला लागला, आणि तो वेळ सार्थकी लागला. पोस्टाच्या बचत खात्यावर ४ टक्के व्याज मिळते, खाते ५०० रुपयांवर उघडते, ५० रुपयांपासून पुढे कितीही काढता येतात आणि या पैशामागे केंद्र सरकार उभे असते. आमच्या गावच्या शाखा डाकघरात दिवसाला २०,००० पर्यंत मिळतात, मोठी रक्कम तालुक्याच्या कार्यालयातून घ्यावी लागते. गावातल्या डाकघरात रोकड मर्यादितच असते, म्हणून डाकसेवक भाऊंनी सांगितले, "वहिनी, दहा हजारांच्या वर लागत असतीन तं आदल्या दिवशी सांगून ठेवत जा." हे मी वहीत जसेच्या तसे उतरवले, कारण छापील पत्रकात ते कुठेच नव्हते.

पण पोस्टाचे व्याज बँकेसारखे रोज मोजले जात नाही. महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचे व्याज धरले जाते आणि ते आर्थिक वर्षाच्या शेवटी जमा होते. याचा अर्थ असा, की १२ डिसेंबरला भरलेल्या पैशाला डिसेंबरचे काहीच मिळत नाही आणि २८ फेब्रुवारीला ४०,००० काढले तर त्या ४०,००० वरचे फेब्रुवारीचे अख्खे व्याज, म्हणजे सुमारे १३३ रुपये, जाते. तेच १ मार्चला काढले तर ते राहते. भरणा १० तारखेच्या आत आणि उचल महिना पालटल्यावर, हे मी सासूबाईंना एकदाच सांगितले आणि त्यांनी ते एकादशीसारखे लक्षात ठेवले आहे.

त्याच दिवशी मी मुदत ठेवीचेही विचारले. पोस्टाची मुदत ठेव सहा महिन्यांच्या आत मोडताच येत नाही आणि सहा महिने ते एक वर्ष या काळात मोडली तर फक्त बचत खात्याच्या दराने व्याज मिळते. बँकेची साधी मुदत ठेव त्यापेक्षा मोकळी असते. कर वाचवणारी पाच वर्षांची ठेव सोडली, तर एक कोटीपर्यंतची ठेव मुदतीआधी मोडू देणे बँकेला बंधनकारक आहे. मोडल्यावर, पैसा जितके दिवस राहिला त्या मुदतीचा दर धरतात आणि त्यातून दंड म्हणून थोडा भाग वजा करतात. आमच्या शाखेत तो अर्धा टक्का आहे. समजा वर्षाच्या ठेवीचा दर सव्वासहा आणि तीन महिन्यांचा पावणेपाच असेल, तर तीन महिन्यांनी मोडल्यावर हाती सव्वाचार टक्के येतात. म्हणजे दंड भरूनही ती ठेव बचत खात्याच्या पुढेच राहते. ठेव मोडणे म्हणजे नुकसान, असे आम्ही आजवर धरून चाललो होतो. ते हिशेब न करता धरलेले होते.

पतसंस्थेचे पान मी लवकर संपवले. राष्ट्रीयीकृत, खाजगी, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकांतील ठेवींना प्रत्येक बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख झाली. बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने झालेली आहे. पतसंस्था या विम्यात येत नाहीत. सगळ्याच पतसंस्था वाईट असतात असे मी म्हणणार नाही, आमच्याकडे अनेकांची लग्ने आणि विहिरी त्यांच्या कर्जावर झालेल्या आहेत. पण दवाखान्यासाठी राखलेला पैसा तेथे ठेवायला नको होता. ते ९०,००० रुपये पूर्ण परत मिळायला आम्हाला दिवाळी उजाडली.

नियम कळल्यावर खाती दुरुस्त करायची होती. मामाजींच्या खात्यात यजमानांचे नाव जोडून ते 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीने चालवण्याचा अर्ज केला. मामाजी बहात्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना शाखेत नेणे कठीण होते. सत्तरीपुढच्या आणि आजारी खातेदारांना घरपोच सेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेची सूचना असल्याचे मी अर्जातच लिहिले. दोन फेऱ्या झाल्या, एकदा फोटो जुना म्हणून अर्ज परत आला, पण ऑगस्टमध्ये बँकेचे अधिकारी घरी आले आणि त्यांनी डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. पोस्टातही मी आणि सासूबाईंनी मिळून तशाच पद्धतीचे संयुक्त खाते उघडले.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. आमचा पंचवीस क्विंटल कापूस खरेदी केंद्रावर गेला आणि ओलाव्याची कपात होऊन १,९६,००० रुपयांचा चुकारा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आधार जोडलेल्या बँक खात्यात आला. त्यातले ८०,००० पीककर्जाचे आहेत. ते ३१ मार्चच्या आत भरले तर राज्याच्या व्याज सवलतीमुळे आम्हाला व्याज पडत नाही, म्हणून ही तारीख चुकवायची नाही. हे पैसे पोस्टात हलवावेत असे यजमानांचे म्हणणे होते. पण मार्च संपण्याआधी काढल्यामुळे पोस्टाचे मार्चचे व्याज मिळाले नसते, म्हणजे दीड टक्क्याच्या फरकाने फार तर तीनशे रुपये जास्त मिळाले असते, आणि त्यासाठी तालुक्याच्या दोन फेऱ्या व दोन दिवसांची मजुरी गेली असती. ते बँकेतच राहू दिले.

बियाणे, खत आणि पेरणीचे ६०,००० जूनपर्यंत लागणार नाहीत. त्यांची बँकेत एकच ठेव न करता १५,००० च्या चार ठेवी केल्या, म्हणजे मध्येच गरज पडली तर एकच मोडावी लागेल आणि बाकीच्या तिघींचे व्याज चालू राहील. शाखेतल्या ताईंना चार पावत्या करायला वेळ लागला. त्यांनी तो दिला, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

दवाखान्यासाठीचे ३०,००० मी ८ तारखेला पोस्टात भरले. उरलेले २६,००० मामाजी आणि यजमानांच्या संयुक्त खात्यात घरखर्चासाठी आहेत, आणि त्या खात्याचे एटीएम कार्ड आता यजमानांच्या नावावरही निघाले आहे. पासबुक भरून आणले तेव्हा मामाजींनी ते डाव्या हातात घेऊन दोन्ही नावे बोट ठेवून वाचली आणि उशाखाली न ठेवता माझ्या हातात परत दिले.