आमंड ग्रीनचे चार हात

ऑक्सफर्डच्या काऊली भागात आम्ही राहतो. घरामागच्या गॅरेजमध्ये १९६५ सालची मॉरिस मायनर गाडी उभी आहे, याच काऊलीच्या कारखान्यात बनलेली. गेले पाच महिने माझे सगळे शनिवार-रविवार तिच्यापाशी गेले. गंज कापून नवा पत्रा जोडला, ते काम झालं. आज सांगायचंय ते रंगाबद्दल.

प्रत्यक्ष रंग फवारायची गन हातात धरायचं काम जेमतेम दोन दिवसांचं. खरे आठवडे जातात ते घासण्यात. लांबी (पुट्टी) भरायची, घासायची, प्रायमर मारायचा. त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडवून ४०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने पुन्हा घासायचं. उंचवट्यावरचा काळा आधी निघतो, खोलगट जागेतला राहतो. डोळ्यांना न दिसणारा पोचा असा सापडतो.

सर्वांत जास्त जीव लावला तो बॉनेटवर. मायनरचे डिझायनर ॲलेक इसिगोनिस यांना गाडी अरुंद वाटली, तेव्हा त्यांनी तयार नमुना मधोमध उभा कापायला लावला आणि दोन्ही भाग चार इंच लांब सरकवून पाहिले. बॉनेटच्या मधली उंच सपाट पट्टी ही त्याचीच खूण. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून मी तिच्या कडा जपल्या. नुसत्या बोटांनी घासलं असतं तर त्या गोल झाल्या असत्या.

आजचा टू-पॅक, म्हणजे दोन घटक मिसळून मारायचा रंग घरी मारू नका, हे कळकळीने सांगतो. त्यातल्या आयसोसायनेट या रसायनामुळे दमा जडू शकतो, आणि साधा मास्क तिथे पुरत नाही. मी जुन्या पद्धतीचा सेल्युलोज रंग घेतला. रंग आमंड ग्रीन, राखाडीकडे झुकणारा फिकट हिरवा. यालाही चांगला मास्क आणि उघडी दारं हवीतच. थिनर पटकन पेट घेतो, म्हणून गॅरेजमधला हीटर आधीच बाहेर काढला.

सप्टेंबरातल्या एका ओलसर सकाळी दुसरा हात मारला आणि थोड्याच वेळात डावं दार दुधाळ पांढरं झालं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा त्यावर धरतो. मला पेण आठवलं. आषाढात काकांच्या कारखान्यात गणपती वाळता वाळत नसत. लगेच फोन लावला.

"आभाळ भरलेलं असताना गन हातात घेतलीसच कशाला?" काका म्हणाले. "दोन दिवस थांबायचं की रे."

थांबलो. कोरड्या दुपारी दार घासलं आणि पुन्हा रंगवलं. सेल्युलोजचा नवा हात खालच्या हाताला किंचित विरघळवत त्यात मिसळतो, त्यामुळे जोड दिसत नाही. असे चार हात झाले.

शेजारचे आजोबा काऊलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. काल ते गाडी बघायला आले. पट्टीवरून सावकाश अंगठा फिरवला, मग वाकून दाराच्या खालच्या कडेचा एक ओघळ दाखवला. तो १२०० नंबरच्या पेपरने काढीन, रंग पुरता कडक झाल्यावर.