तीन नंबरचा पिस्टन

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि नंतरचे कितीतरी दिवस बडोद्यातल्या कुठल्याच गॅरेजला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सीट काढा, कार्पेट वाळवा, वायरिंगचे कनेक्टर एकेक उघडून गाळ साफ करा, गिअरबॉक्सचं पांढरं झालेलं ऑइल सोडा. बुडालेल्या गाडीचं एक बरं असतं. तिचा आजार वासावरूनच कळतो. मला सगळ्यात जास्त दमवलं ते न बुडालेल्या एका गाडीनं. ती चालू होती, स्वतःच्या चाकांवर माझ्या दारात आली होती, आणि आतून मोडलेली होती.

गाडी टोयोटा सेलिका, 2002 ची, दोन दारांची. 1970 साली सुरू झालेल्या सेलिकाची ही सातवी आणि शेवटची पिढी. 2006 मध्ये टोयोटानं ती बंद केली. गाडीचे मालक, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो, इंग्लंडला नोकरीला होते. परत येताना घरच्या सामानाबरोबर गाडीही आणली. तिथलं स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे आणि गाडी तेव्हा तीन वर्षांच्या आतली, म्हणून नियमात बसली. तिकडे ही गाडी म्हणजे पगारदार माणसाची स्पोर्ट्स कार. दिसायला झेप घेणारी, वजनाला साधारण अकराशे किलो, मागे डबल विशबोन सस्पेन्शन, आणि इंजिन मात्र घरगुती: 1794 सीसीचं वन-झेड-झेड. 2003 मध्ये टोयोटानं भारतात कोरोला आणली, तिच्यात हेच इंजिन होतं. त्यामुळे सेलिकाची काच किंवा बंपर मिळवणं महाकठीण, पण इंजिनाचं सामान कोरोलाच्या नावानं मिळतं. ही गाडी बडोद्यात वीस वर्षं जगली ती याच्याच जोरावर.

काकांच्या मुलानं ती हातात घेतल्यावर तिला सजवायला सुरुवात केली. त्याची हौस खरी आहे, गाडीवर जीव आहे, हे मी मुद्दाम लिहितो. मागे मोठा मफलर आला, स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली. परगावच्या एका गॅरेजात मूळ एअरबॉक्स, म्हणजे हवा गाळणाऱ्या फिल्टरचा डबा, काढून त्याच्या जागी एक लांब पाइप टाकला आणि पाइपच्या टोकाला उघडा शंकूसारखा फिल्टर. पाइप खाली उतरून थेट पुढच्या बंपरच्या मागे, चाकाजवळ येत होता. त्यामागचा विचार असा की इंजिनाजवळची हवा तापलेली असते, खालची थंड. थंड हवा दाट, म्हणून ताकद जास्त. विचार चुकीचा नाही. पण कंपनीनं हवेचं तोंड वर ठेवलं होतं त्यालाही कारण होतं, आणि आपल्या रस्त्यांवर तर ते कारण दर पावसाळ्यात समोर येऊन उभं राहतं.

जन्माष्टमीच्या दिवशी पाणी चढायला लागलं तेव्हा मुलानं गाडी अकोट्याहून काढली. पूल ओलांडून दांडिया बाजारात आजीकडे नेऊन ठेवायची, एवढंच त्याच्या मनात होतं. वाटेत एका सखल जागी पाणी नंबर प्लेटच्या खालच्या कडेपर्यंत होतं. गाडी खाली बसवलेली, त्यात चाकांनी पुढे ढकललेली लाट. एक ठोका बसला आणि इंजिन जाम झालं. लोकांनी ढकलत ती उंचावर नेली. दुसऱ्या दिवशी कोणीतरी चारही प्लग काढले, सेल मारून पाणी बाहेर फेकलं, प्लग परत बसवले. गाडी चालू झाली. सगळ्यांना वाटलं, निभावलं.

इथे एक हिशेब सांगतो, कारण तो माहीत असता तर गाडी पुन्हा चालू करणारा हात थांबला असता. या इंजिनाचा एक सिलिंडर साधारण 448 सीसीचा, आणि कॉम्प्रेशन रेशो दहास एक. म्हणजे पिस्टन अगदी वर पोहोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर उरलेली जागा फक्त 50 मिलिलिटर. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कटिंग चहाच्या ग्लासात मावेल त्याहून कमी पाणी आत गेलं की पिस्टनला वर यायला वाव राहत नाही. मागून फ्लायव्हीलचा जोर चालूच असतो. मधे सापडतो कनेक्टिंग रॉड, पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा.

दसऱ्याला अवजारांची पूजा झाली आणि त्यानंतर लगेच गाडी माझ्याकडे आली. तोवर तिच्यावर बराच खर्च झाला होता. नवा एअर फ्लो सेन्सर, नव्या कॉइल, नवे प्लग, इंजेक्टरची सफाई. तक्रार तीच: उभी असताना थरथरते, मधूनच मिस मारते, निळसर धूर. स्कॅनर लावला तर दोन कोड. पी 0171, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. आणि पी 0303, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मिस, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही.

पहिल्या कोडचं उत्तर तासाभरात मिळालं. एअर फ्लो सेन्सर म्हणजे तापलेली बारीक तार; तिच्यावरून किती हवा गेली ते ती मोजते. उघड्या फिल्टरच्या कापडाला तेल लावायचं असतं आणि हौशी हातांनी ते नेहमी जास्तच लागतं. त्या तेलाचा पापुद्रा नव्या तारेवरही चढला होता. शिवाय त्या पाइपचा व्यास मूळ नळीपेक्षा वेगळा, त्यामुळे हवेचं मापच चुकत होतं. तार साफ केली, आकडे बरेचसे ताळ्यावर आले. थरथर मात्र जागच्या जागी.

धुराबद्दल मुलगा म्हणाला, "दादा, ऑइल तर ही पहिल्यापासून खाते. या इंजिनाला तो रोगच आहे ना?" त्याचं खरं होतं. सुरुवातीच्या वन-झेड-झेडमध्ये पिस्टनवरची तेल परत जायची छिद्रं लहान होती. ती कार्बननं बुजली की ऑइल रिंग चिकटते आणि तेल वर जळतं. पुढे टोयोटानं पिस्टन सुधारला. माहीत असलेला जुना रोग असला की नवी दुखणी त्याच्याच खाती जमा होतात, आणि आधीच्या सगळ्यांनी इथेच शोध थांबवला होता. मला एक गोष्ट खटकत होती: ऑइल चारही सिलिंडर खात होते, मग मिस एकटा तीन नंबरच का?

कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजलं. एक नंबर तेरा किलो, दोन नंबर तेरा, चार नंबर पावणेतेरा. तीन नंबर अकरा. अकरा म्हणजे इंजिन मेलं असं नाही, पण शेजाऱ्यांपेक्षा दोन किलो कमी म्हणजे काहीतरी नक्की आहे. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा गेल्या असत्या तर तीनचा आकडा उसळला असता. तो इतरांइतकाच किंचित वाढला.

मग हवा भरून पाहिली. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडायची आणि ती कुठून पळते ते ऐकायचं. कंप्रेसर बंद केला, रस्त्याकडचं शटर ओढून घेतलं. थ्रॉटलला कान लावला: शांत, म्हणजे इनलेट व्हॉल्व ठीक. सायलेन्सरला लावला: शांत. ऑइलच्या झाकणापाशी हलका फुसकारा, आणि तो चारही सिलिंडरना सारखाच. वीस वर्षांच्या रिंगांचा तेवढा हक्क आहे.

म्हणजे हवा कुठूनही निसटत नव्हती, तरी दाब कमी होता. या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असतील आणि गाडीनं पाणी प्यायलेलं असेल, तर पहिला संशय एकच: पिस्टन वरपर्यंत पोहोचतच नाही.

हे पाहायला इंजिन उघडावं लागत नाही. या हेडमध्ये प्लगचं भोक चेंबरच्या मध्यावर आहे, सळी थेट पिस्टनच्या डोक्यावर टेकते. दोन आणि तीन नंबरचे पिस्टन एकाच वेळी वर येतात, तेव्हा एकाच लांबीच्या दोन सळ्या दोन्हीत उभ्या सोडल्या तर त्यांची टोकं एका पातळीत यायला हवीत. पितळी सळ्या घेतल्या, कारण पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि लोखंडानं त्याला ओरखडा पडतो. माझा पोऱ्या पान्यानं क्रँक हळूहळू फिरवत होता. सळ्या वर आल्या, थांबल्या, उतरायला लागल्या. मागे घेऊन अगदी माथ्यावर धरल्या. दोन्ही टोकांवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली. पट्टी तीन नंबरकडे झुकली.

"नीची छे, शेठ," पोऱ्या म्हणाला. त्याला कोणी काही समजावलं नव्हतं, त्याला ते दिसलं. मी सळ्यांची अदलाबदल केली, सळीच्या लांबीचा दोष नको म्हणून. पट्टी पुन्हा तीनकडेच. डायल गेज लावून मोजलं तर दीड मिलिमीटरचा फरक.

काका आणि मुलगा तिथेच होते. मी काकांना पट्टीसमोर वाकून बघायला सांगितलं. त्यांनी चष्मा सारखा करत बराच वेळ पाहिलं. "म्हणजे रॉड वाकलाय?" म्हणाले. मी होय म्हटलं. "पण चालतेय की रे गाडी." हेच तर सांगायचं होतं. वाकलेला रॉड चालतो, कधी महिनाभर, कधी जास्त. पिस्टन तिरका होऊन बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, घासत राहतो, रॉडच्या धातूवर प्रत्येक फेरीत भलत्या दिशेनं ताण येतो, आणि एक दिवस एक्सप्रेसवेवर तो तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. तेव्हा दुरुस्तीला काही शिल्लक राहत नाही, आणि मागून ट्रक येत असतो. मुलाचा चेहरा उतरला. त्याच्या पाठीवर हात ठेवून काका एवढंच म्हणाले, "उघड इंजिन. गाडी राहिली पाहिजे."

उघडल्यावर सगळं सापडलं. तीन नंबरच्या बोअरला एका बाजूला चकाकणारा पट्टा, पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या घेरावर, तिरकी घासण. रॉड नुसत्या डोळ्यांना सरळच वाटत होता; सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाट्यावर, ठेवला तेव्हा खालून उजेड दिसला. बोअर सुदैवानं होनिंगवर, म्हणजे आतून हलकं घासून, निभावले. जुन्या पिस्टनची तेलाची छिद्रं मी मुलाला भिंगाखाली दाखवली. दगडासारख्या कार्बननं बुजलेली होती, सुईचं टोकही आत जाईना.

रॉड मिळाले ते पुरातच बुडालेल्या कोरोलाचे. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची गाडी, फतेगंजला पार्किंगमध्ये छतापर्यंत पाण्यात होती. त्यांनी एक शहाणपण केलं होतं: पाणी उतरल्यावर किल्लीला हातच लावला नाही. मी तेव्हाच तिचं ऑइल उतरवून बोअरमध्ये तेल सोडून ठेवलं होतं. वायरिंग आणि आतली सजावट इतकी गेली होती की शेवटी त्यांनी ती भंगारात काढली. इंजिन मी ठेवून घेतलं. रॉड सेलिकाच्या चांगल्या रॉडशी सगळीकडून ताडून पाहिले. एकच बदलण्यापेक्षा चारही एका इंजिनातले घातले, म्हणजे वजनं जुळतात. तरी मांडवीतल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर वजन करून खात्री केली. रॉडचे बोल्ट नवे, कारण ते ठरलेल्या जोरानं, टॉर्कनं, आवळल्यानंतर आणखी 90 अंश ओढायचे असतात आणि एकदा ताणलेल्या बोल्टवर मी पुन्हा भरवसा ठेवत नाही. पिस्टन आणि रिंगा नव्या, सुधारलेल्या नमुन्याच्या. हात लागलाच होता म्हणून मागे पाझरणारी चेन टेन्शनरची ओ-रिंगही बदलली.

मूळ एअरबॉक्स काकूंनी माळ्यावर जपून ठेवला होता, क्लिपांसकट. तो परत बसवला. मुलगा कुरकुरेल असं वाटलं होतं, पण त्यानं स्वतःच पाइप काढून बाजूला ठेवला. मग त्यानं टर्बोची गोष्ट काढली. मी त्याला खरं ते सांगितलं. या इंजिनाचा बोअर 79 मिलिमीटर आणि स्ट्रोक 91.5, म्हणजे लांब ढांगांचं इंजिन. उंच फेऱ्यांचं काम टोयोटानं दुसऱ्या इंजिनाला दिलं होतं, टू-झेड-झेडला, ज्याचा व्हॉल्व मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या पुढे जास्त उघडतो. याची मजा वेगाच्या आकड्यात नाही, हलक्या अंगात आणि वळणात आहे. टर्बोला जेवढे पैसे जातील त्याच्या थोड्याशा भागात ब्रेक पॅड, ताजं ब्रेक ऑइल, चांगले टायर आणि सस्पेन्शनचे सगळे बुश होतात, आणि गाडी नवी वाटते. स्प्रिंग मूळ उंचीच्या घाल, हेही सांगितलं. ते त्यानं अजून मानलेलं नाही.

पहिले हजार किलोमीटर गाडी हालोलच्या रस्त्यावर मऊ चालवून झाली, ऑइल बदललं. दांडीवरची पातळी तेवढ्या अंतरात जेमतेम हलली. आधी एवढ्यात अर्धा लिटर ओतावं लागायचं. आता मागच्या विशबोनचे बुश करायचे आहेत. त्यांना मात्र कोरोलाचा उपयोग नाही, तिच्या मागे टॉर्शन बीम आहे, दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा तुळया. मुलानं ते इंग्लंडहून मागवलेत.