एकाच वर्गात पत्रकारिता आणि जनसंपर्क?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी पालक विचारतात, वर्तमानपत्रातले जुने सहकारी विचारतात, आणि वर्गात थोडी रुळलेली मुलंही धीर करून विचारतात. विद्यापीठाच्या एकाच विभागात तुम्ही पत्रकारिताही शिकवता आणि जनसंपर्कही. पत्रकाराने झाकलेलं उघडं करायचं आणि जनसंपर्क अधिकाऱ्याने उघडं पडलेलं झाकायचं, मग दोन्ही शिकवताना मन खात नाही का?

नाही खात. उलट हे दोन विषय वेगवेगळ्या इमारतींत नेले तर दोन्हींचं नुकसान होईल, असं माझं ठाम मत आहे.

आयव्ही लीचंच घ्या. हा मुळात न्यूयॉर्कमधला बातमीदार, पुढे जनसंपर्काच्या कामाकडे वळला. १९०६ साली अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली, पन्नासहून अधिक माणसं गेली. अपघात झाला की तोंड मिटून बसायचं, ही तेव्हाच्या रेल्वे कंपन्यांची रीत. लीने कंपनीच्या वतीने लेखी निवेदन काढून वर्तमानपत्रांना दिलं. आजच्या प्रसिद्धिपत्रकाची सुरुवात साधारण तिथून धरतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते जसंच्या तसं छापलं. त्याच वर्षी त्याने संपादकांना एक जाहीरनामाही पाठवला: आमचं काम उघड चालेल, माहिती अचूक असेल, कोणाला ती पडताळायची असेल तर आम्ही मदत करू.

हे ऐकून जनसंपर्काकडे ओढा असलेली मुलं खुलतात. मग मी १९१४ वर येते. कोलोरॅडोत लडलो इथे संपावर गेलेल्या खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, त्यात बायका-मुलंही मेली. रॉकफेलर कुटुंबाचा ताबा असलेल्या खाण कंपनीची बाजू मांडायला नेमला गेला तो हाच आयव्ही ली. त्याने काढलेल्या पत्रकांत संपाच्या पुढाऱ्यांच्या पगाराचे फुगवलेले आकडे होते. पुढच्या वर्षी सरकारी आयोगाने त्याला विचारलं, कंपनीकडून आलेली माहिती खरी आहे की नाही हे पाहायला तुम्ही स्वतः काय केलंत? काहीच नाही, असं त्याने कबूल केलं.

माणूस तोच, लिहिण्याची हातोटीही तीच. राहून गेली ती पडताळणी, जी बातमीदाराला पहिल्या आठवड्यापासून करावी लागते. म्हणून माझ्याकडे जनसंपर्क शिकायला आलेल्या मुलालाही आधी बातमी आणावी लागते, आणि प्रत्येक वाक्यापुढे हे कोणाकडून कळलं ते समासात लिहावं लागतं.

वर्गात आम्ही एक सराव करतो. एका कारखान्यात वायुगळती झाली आहे असं समजायचं. अर्ध्या वर्गाने कंपनीचं प्रसिद्धिपत्रक काढायचं, उरलेल्यांनी पत्रकार परिषदेत प्रश्न विचारायचे. पहिला खर्डा जवळजवळ ठरलेला असतो: ‘आज सकाळी एक दुर्दैवी घटना घडली. परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात असून कंपनी कामगारांच्या पाठीशी खंबीरपणे उभी आहे.’ किती जण रुग्णालयात आहेत, कुठला वायू होता, शेजारच्या वस्तीने दारंखिडक्या बंद करायच्या की घर सोडायचं, यातलं काहीही त्यात नसतं. समोरून प्रश्न सुरू झाले की पत्रक लिहिणाऱ्यांच्या लक्षात येतं की हे त्यांनी व्यवस्थापकाला विचारलेलंच नाही.

मग मी त्यांच्या हातात देखभाल नोंदवहीचं एक पान ठेवते. ज्या व्हॉल्व्हमधून वायू गळला, त्याच्याबद्दलची तक्रार त्यात आधीच नोंदवलेली असते. इथे खरा वाद पेटतो. एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, हे लिहिलं तर माझी नोकरी जाईल.” तिची भीती खोटी नव्हती आणि मी ती उडवून लावली नाही. पहिल्या पत्रकात दोष कोणाचा हे ठरवायची घाई नको, चौकशी चालू आहे असं म्हणता येतं, जखमींची नावं घरच्यांना कळेपर्यंत थांबवता येतात, नव्हे, थांबवावीतच. पण ‘यापूर्वी कोणतीही तक्रार नव्हती’ हे वाक्य तिच्या हातून जाता कामा नये. व्यवस्थापकाने घालायला सांगितलं, तर नोंदवहीचं ते पान त्याच्यासमोर ठेवून नकार द्यायचा. त्या बंद खोलीत बातमीदार नसतो, तिथे फक्त तीच असते. जनसंपर्काच्या कामाची खरी कसोटी मला तिथे दिसते, आणि त्यावर आम्ही तासन्‌तास बोलतो.

पत्रकारितेच्या मुलांना या वर्गात काय मिळतं, हेही सांगते. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी शिलगावल्या. स्त्रीस्वातंत्र्याचं पाऊल म्हणून वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या आल्या. बेत आखला होता एडवर्ड बर्नेज या जनसंपर्क सल्लागाराने, आणि त्याला पैसे देत होती सिगारेट कंपनी. वाचकांना हे कळलं नाही. बर्नेजच्या हुशारीचं कौतुक पुष्कळ होतं, मला मात्र त्या प्रकाराचा अजून राग येतो, कारण आपल्याशी कोण बोलतंय हेच वाचणाऱ्यापासून लपवलं गेलं. असा बनाव ओळखायचा तर तो कसा रचतात हे बातमीदाराला माहीत हवं. फोटोग्राफर आधीपासून तिथे उभा कसा होता, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य कसं आलं, हे प्रश्न स्वतः एखादी मोहीम आखून पाहिलेल्या मुलाला चटकन सुचतात.

आणि तुमचा पोटप्रश्न, की मुलं शेवटी जातात कुठे? बरीच जनसंपर्कात जातात, काही बातमीदारी करून मग तिकडे वळतात. पगार बरा असतो, घरी परतायची वेळ ठरलेली असते, त्याबद्दल मी कोणाला बोल लावत नाही. दरवर्षी काही मुलं अर्ज घेऊन येतात: मला पीआरच करायचंय, बातमीदारीच्या सत्रातून सूट द्या, किंवा मी पत्रकार होणार, मला प्रसिद्धिपत्रकं कशाला? दोन्ही अर्ज मी नामंजूर करते.