आमची वाटचाल: मुठीत वळणारा भुसा

आमच्या शेडवर येणारा प्रत्येक जण आधी बेडूक शोधतो. बेडूक आमच्याकडे नाहीत, कधी नव्हतेही. आम्ही विकतो तो लोकांनी हौसेने पाळलेल्या बेडकांच्या अंगाखालचा बिछाना: धुतलेला नारळाचा भुसा, निचऱ्याचा थर, वाळवलेली पानं आणि मातीची घरटी. हे काम चालतं जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळ, केळीच्या बागांच्या मधोमध. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि दुपारी टाकलेली साडी अर्ध्या तासात कडक वाळते. बेडकाला राहायला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही.

मूळ धंदा आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये बाटलीत तयार केलेली, केळीची रोपं आणून वाढवायची आणि शेतकऱ्यांना द्यायची. बाटलीतून निघालेलं रोप फार नाजूक असतं. आत हवा बाष्पाने भरलेली, त्यामुळे पानावर मेणाचा थर नीट धरलेलाच नसतो. तसंच बाहेर ठेवलं तर बघता बघता मान टाकतं. म्हणून त्याला आधी कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या ट्रेमध्ये, शेडनेटखाली, फॉगरच्या धुक्यात ठेवायचं आणि ओलावा थोडा थोडा कमी करत जायचं. लग्न होऊन आले तेव्हा मी हौसेने झारी घेऊन रोज ट्रे भिजवायचे. आठ दिवसांत दोन ट्रे मुळाशी कुजले. आबा एवढंच म्हणाले, "सूनबाई, हवा ओली ठेवायची. मूळ नाही."

2020 साली टाळेबंदी लागली. रोपांच्या ऑर्डरी थांबल्या आणि कोकोपीटच्या पाच-पाच किलोच्या विटा शेडमध्ये थप्पी लावून पडून राहिल्या. अशात पुण्याहून एका मुलाचा फोन आला. "ताई, किरकोळ कोकोपीट मिळेल का? खत न घातलेलं हवं. पॅकमॅनसाठी." मला वाटलं व्हिडिओ गेमचं काहीतरी असेल. त्याने फोटो पाठवला: गोल गरगरीत, अंगाच्या मानाने तोंडच मोठं, भुशात गळ्यापर्यंत रुतून बसलेला दक्षिण अमेरिकेतला बेडूक. आबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हाई काय शे?" पण त्याच आठवड्यात त्या मुलाच्या ओळखीतून आणखी सहा जणांचे फोन आले.

पहिलीच खेप आमच्या अंगाशी आली, ते इथे सांगायलाच हवं.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या मागच्या बाजूला, मांड्यांजवळ पातळ कातडी असते, तिथून तो ओलावा ओढून घेतो. खाली जे असेल ते त्या वाटेने अंगात जाणार. नारळाचं सोडण बऱ्याचदा समुद्रकाठच्या खाऱ्या पाण्यात मुरवलेलं असतं आणि त्यातलं मीठ भुशात उरतं. केळीसाठी ते आम्ही धुऊन काढायचो. पण किरकोळ पाकिटं भरताना घाईत तसाच कोरडा माल भरला. पंधरा दिवसांनी एकाने कळवलं की बेडूक सुस्त पडलाय, भुशातून सारखा वर येऊन पाण्याच्या वाटीत बसतोय. मी ईसी मीटर काढला, पाण्यातले क्षार मोजणारा, तोच जो खताच्या पाण्यासाठी आम्ही वापरतो. भुशाच्या पाण्याचा आकडा आला 2.8. आम्ही रोपांनाही 0.5 च्या वर जाऊ देत नाही. बाहेर मीठ वाढलं की कातडीतून पाणी आत यायचं कमी होतं, आणि फारच वाढलं तर उलटं बाहेर ओढलं जातं. सगळी पाकिटं परत मागवली, पैसे परत केले. तेव्हापासून प्रत्येक वीट तीन पाण्यांत धुतो आणि 0.4 च्या खाली आकडा आल्याशिवाय वाळवणात टाकत नाही. केळीच्या भुशाला मीठ काढायला कॅल्शियम नायट्रेट लावतात, ते इथे चालत नाही. नुसतं पाणी आणि धीर.

भुसा किती ओला हवा, हे विचारणारे फोन अजूनही सगळ्यात जास्त येतात. मी सांगते, मुठीत घ्या आणि दाबा. लाडू वळला पाहिजे, पण बोटांच्या फटीतून पाणी गळता कामा नये. गळलं तर जास्त झालं, लाडू फुटला तर कमी. पॅकमॅन रुतून बसतो, त्याला असा थर तीन-चार बोटं तरी लागतो. झाडावर चढणाऱ्या व्हाइट्स ट्री फ्रॉगला एवढा खोल नको. तो ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा, पन्नास-साठ टक्के आर्द्रतेत मजेत राहतो. डार्ट फ्रॉग, म्हणजे चिमुकले रंगीत बेडूक पाळणाऱ्यांना मात्र ऐंशीच्या खाली आलेलं चालत नाही, आणि त्यांचे प्रश्नही तितकेच लांब असतात.

भुशाऐवजी दुसरं काही स्वस्तात बसवता येईल का, हेही लोक विचारतात. आपली काळी कापसाची माती भिजली की लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की भेगा पडतात, ती नको. वखारीतला लाकडाचा भुसा नको, त्यातली राळ आणि तेलं कातडीला झोंबतात. बारीक खडी तर मुळीच नको. बेडूक किड्यावर झडप घालतो तेव्हा खालचा खडाही गिळतो आणि तो पोटात अडकतो. निचऱ्याला मात्र आम्ही भाजलेले मातीचे गोळे बाहेरून आणत नाही. जवळच्या वीटभट्टीवरचे विटांचे तुकडे चाळून, धुऊन तळाला घालतो, वर शेडनेटचा तुकडा, त्यावर भुसा. दिसायला गावठी, पण पाणी खाली उतरतं आणि भुसा आंबत नाही.

एकदा कुणीतरी वाळलेली केळीची पानं मागितली. सावद्यात केळीच्या पानांना काय तोटा! पण मी नाही म्हटलं. करप्यासाठी त्या पानांवर किती फवारे बसलेले असतात ते आम्हाला चांगलं माहीत आहे. आमच्या अंगणातल्या देशी बदामाची पानं उकळून, वाळवून देतो.

खरा अभ्यास उन्हाळ्याने करवून घेतला. पहिल्या वर्षी भुसावळच्या एका दादांचा भर दुपारी फोन, "ताई, गेला हो माझा बेडूक. नुसतं टरफल उरलंय." व्हिडिओ कॉल लावला. भुसा पार पांढरा पडलेला आणि त्यात बेडकाच्या अंगाभोवती कागदासारखी तपकिरी खोळ. टॉर्च जवळ धरायला सांगितला. मिनिटभर काहीच नाही. मग नाकपुडीजवळची खोळ किंचित हलली. पॅकमॅन कोरड पडली की स्वतःच्या सुटलेल्या कातडीचे थर अंगावर चढवून आत पडून राहतो, पावसाची वाट बघत. क्लोरीन काढलेल्या कोमट पाण्यात, नाकपुड्या वर राहतील इतक्याच, त्याला बसवायला लावलं. रात्री दहाला दादांचा फोटो आला: खोळ सुटून पाण्यात तरंगतेय आणि महाराज डोळे वटारून बसलेत.

दादांची चूक काय होती? ते दिवसातून चार वेळा फवारा मारत होते. पण बेडकाच्या पेटीचं वरचं झाकण सगळं जाळीचं आणि शेजारी कूलर. पाणी पडायचं आणि उडून जायचं. दुसरे काही जण याच्या उलट करतात, सगळं झाकण काचेने बंद करून वर फवारा. हे जास्त वाईट. 38-40 अंशांच्या खोलीत बंद पेटी ओली केली की तिचं इडलीपात्र होतं. बेडकाच्या अंगावरचं पाणी उडतं तेव्हा तो गार राहतो. हवाच बाष्पाने भरली तर उडणार कुठे? तो आतल्या आत शिजतो. म्हणून आम्ही सांगतो की दोन तृतीयांश जाळी झाका, एक तृतीयांश उघडी ठेवा, आणि आधी खोली गार करा. पेटी घराच्या आतल्या, जमिनीलगतच्या खोलीत ठेवा. फवाऱ्याचा नंबर त्यानंतर.

आकड्यांनीही लोक फसतात. 25 अंशांना एक घनमीटर हवेत 23 ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं, 42 अंशांना 56 ग्रॅम. पहाटे आर्द्रतेचा मीटर 70 टक्के दाखवतो, दुपारी तीच हवा तापली की 30 च्या खाली येतो. पाणी तेवढंच असतं, मावण्याची जागा वाढलेली असते. लोक घाबरून फवारा मारतात आणि भुशाचा चिखल करून ठेवतात. त्यात मीटरही भरवशाचे नसतात. आम्ही दुकानातून गोल काट्याचे बारा मीटर आणले. बाटलीच्या झाकणात मीठ आणि थोडं पाणी कालवून ओलसर लगदा केला, मीटरसोबत घट्ट बंद पिशवीत एक दिवस ठेवला. आत 75 यायला हवं, मिठाचा तो गुणच आहे. बारांपैकी तिघांनी 75 च्या जवळपास दाखवलं. एक तर 40 वर अडून बसला होता. ते मीटर आम्ही विकले नाहीत.

आबा या धंद्याला अजून "डराव डराव खातं" म्हणतात. पण आमची सगळ्यात चालणारी वस्तू त्यांचीच. उन्हाळ्यात माठ गार राहतो, मग बेडकाचं घरटं माठाच्या मातीचं का नको, हे त्यांनी ओसरीवर बसल्या बसल्या काढलं. कुंभारवाड्यातल्या आप्पांनी अर्धा माठ पालथा घातल्यासारखी घरटी करून दिली, कमी भाजलेली, सच्छिद्र. सकाळी पाण्यात बुडवून पेटीत ठेवली की हळूहळू झिरपत राहतात आणि आतला गारवा हाताला कळतो. पावसाळ्यात मात्र त्याच घरट्यांवर बुरशी धरते. जुलै-ऑगस्टमध्ये ती काढून उन्हात टाका असं आम्ही पाकिटावरच छापलंय, आणि तरी त्याच तक्रारीचे फोन येतात.

एक अट आम्ही फोनवरच घालतो. शेतातला, विहिरीवरचा आपला बेडूक उचलून आणला असेल तर त्याच्यासाठी माल मागू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. डार्ट फ्रॉगसारख्या काही परदेशी जातींची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ज्याच्याकडे कागद नाही, त्याला मी आधी तेच करायला सांगते. गिऱ्हाईक तुटतं कधीकधी.

आता आम्ही पाच जण आहोत. तिघी भुसा धुतात आणि वाळवतात, एक जण पाकिटं भरून जळगावला कुरियरला टाकतो, मी फोन घेते. मालाची अडचण एकच, मातीच्या घरट्यांची. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया तोंडावर आली की आप्पा घागरींशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच आमचं गिऱ्हाईक घरटी मागत असतं. यंदा माघातच जाऊन दोनशे घरट्यांची आगाऊ रक्कम देऊन आले. आप्पांनी पैसे मोजले, खिशात घातले आणि विचारलं, "पण ताई, बेंडकं राहतात का खरंच यात?"