बार्शी लाईट नेमकी कोणाची?

मी लातूरचा, आणि रेल्वेचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो : "बार्शी लाईट निजामाचीच होती ना?" तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो. नाही. बार्शी लाईट म्हणजे कुर्डुवाडी, बार्शी, लातूरला जोडणारी अरुंद रुळांची छोटी रेल्वे. ती निजामाची नव्हती आणि इंग्रज सरकारचीही नव्हती. ती एका खासगी कंपनीची होती, १८९५ साली लंडनमध्ये नोंदवलेली.

गैरसमज होणं साहजिक आहे. लातूर तेव्हा हैदराबाद संस्थानात, बाजारात हाली सिक्का, म्हणजे निजामाचं नाणं. त्यातून निजामाच्या नावाची वेगळी रेल्वे होतीच. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून जाणारा मनमाड-हैदराबाद मार्ग १९०० साली सुरू झाला, तो तिचा. तीही आधी लंडनच्या कंपनीकडे होती, १९३० मध्ये निजाम सरकारनं विकत घेतली. आमची छोटी गाडी मात्र त्याच्या हातात कधीच गेली नाही.

ती उभी केली एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंजिनिअरनं. बार्शीचा माल बैलगाड्यांनी मोठ्या लाईनपर्यंत जायचा, तिथं छोटी रेल्वे चालेल हे त्यानं हेरलं. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, आणि एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही. त्यामुळे रूळ हलके, खर्च कमी. सगळं गणित त्या ५ टनांवर होतं. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर.

आमच्या आजोबांची आडत होती. त्यांच्या ट्रंकेत एक जुनी बिल्टी, म्हणजे रेल्वेनं पाठवलेल्या मालाची पावती, आहे. घड्यांवर फाटलेली, कडेनं पिवळी पडलेली, पण डोक्यावर 'बी. एल. आर.' (बार्शी लाईट रेल्वे) ही अक्षरं अजून स्पष्ट वाचता येतात. ते सांगायचे, लातूरहून निघालेलं पोतं कुर्डुवाडीला उतरायचं आणि हमालांच्या पाठीवरून मोठ्या गाडीच्या डब्यात चढायचं, कारण आपला डबा त्या रुळांवर जाऊच शकत नव्हता. दोनदा हमाली, दोनदा मोजणी. पोतं फाटलं तर भांडण कोणाशी करायचं, कंपनीशी की सरकारशी? मालकी कोणाची हा प्रश्न व्यापाऱ्याला असा पोत्यागणिक पडायचा.

१ जानेवारी १९५४ ला भारत सरकारनं कंपनी विकत घेतली आणि लाईन मध्य रेल्वेत गेली. आजोबा त्यानंतरही शेवटपर्यंत "कंपनीची गाडी" असंच म्हणत.

२००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद, म्हणजे ब्रॉडगेज झाला. जुनी गाडी येडशीवरून जायची आणि उस्मानाबाद शहर बाजूला राहायचं. रुंदीकरणात मार्ग वळवला, तेव्हा कुठं जिल्ह्याच्या गावाला स्टेशन मिळालं. इतक्या वर्षांचा तो अन्याय होता, असं मला आजही वाटतं.

आणि एप्रिल २०१६. लातूरच्या नळांना पाणी नव्हतं. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे 'जलदूत' पंढरपूर, कुर्डुवाडी करत याच वाटेनं आली. पहिल्या खेपेला १० टाक्या, ५ लाख लिटर. पुढं ५० टाक्यांची गाडी यायला लागली, २५ लाख लिटरची. अडीच फुटी रुळांवर ती आली नसती.